हॉटेल नसीमचं तळघर

"वाक," हिकमत म्हणाला, आणि नजला वाकली.

एवढंच झालं. तळघराचा जिना उतरून दिमा मोबाइलचा उजेड घेऊन पुढच्या वळणाआड गेली होती, मागे मिट्ट काळोख होता, आणि त्या काळोखात नवऱ्याने वाक म्हटलं म्हणून नजला वाकली. इतक्या वर्षांच्या संसारात माणूस असं न विचारता ऐकतो. डोक्यावरून काहीतरी गार सरकल्यासारखं झालं. तिने हात वर करून चाचपलं. जाड लोखंडी पाइप होता, गंजाचे पापुद्रे सुटलेला, वाटेत आडवा, बरोबर कपाळाच्या उंचीला. बोटांना लागलेला गंज तिने स्कर्टला पुसला, दोन पावलं पुढे टाकली आणि थांबली. हिकमतला हा पाइप दिसला कसा? तिला स्वतःचा हात दिसत नव्हता. तेवढ्यात दिमा परत आली, उजेड तिच्याबरोबर आला, आणि त्या उजेडात नजलाला नवरा दिसला. तो दाराच्या चौकटीला टेकून उभा होता, डावा हात मागे भिंतीवर, आणि बोट एका काळ्या जुन्या बटणावर. त्याने ते बटण दाबलं होतं. दाबलेलंच होतं. दिमा खो खो हसली. "बाबा, काय करतोयस? बिल भरलंय का ह्यांनी?" आणि तिने पटकन फोटो काढला. हिकमतने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला आणि म्हणाला, "चला वर. इथली हवा वाईट आहे." त्याचा आवाज नेहमीसारखाच होता. नजलाला पुढे कितीतरी दिवस आठवत राहिला तो हाच नेहमीसारखा आवाज.

खरं तर त्या दिवशी त्या तिघांचं तिकडे जायचं ठरलंच नव्हतं. दिमा आर्किटेक्चर शिकत होती आणि तिला वर्षभर एकच नाद लागला होता. रविवार आला की मित्रमैत्रिणी घेऊन बैरूतहून दमास्कसच्या रस्त्याने डोंगरात जायचं आणि ओस पडलेली हॉटेलं, माणसं सोडून गेलेली गावं धुंडाळायची. छतं पडलेल्या जेवणघरांचे, झाडं उगवलेल्या नाचघरांचे फोटो काढून ती इंटरनेटवर टाकायची, आणि यादवी युद्धानंतर जन्मलेली हजारो पोरं त्यांच्यावर लाल बदाम उमटवायची. नजलाला हे आवडत नव्हतं, पण काय आवडत नव्हतं ते तिला सांगता येत नव्हतं. त्या रविवारी मैत्रिणी आल्या नाहीत, तेव्हा दिमा आईच्या मागे लागली, "तुझं गाव तरी दाखव. जन्मापासून ऐकतेय, कफर नौरा, कफर नौरा. आहे तरी का कुठे ते?" हिकमत म्हणाला होता, "मी कशाला? मी मीना बंदराचा, समुद्रावरचा माणूस, मला डोंगर चढवत नाही." पण गाडी त्याचीच होती.

गावात नजलाला रडू यायला हवं होतं. चौदाव्या वर्षी ती तिथून रात्रीच्या कपड्यांत निघाली होती, आईच्या हाताला धरून, आणि पुन्हा कधी गेली नव्हती. रस्त्याच्या जागी काटे होते, घरांना कपाळं होती आणि डोळे नव्हते. एका घराच्या स्वयंपाकघरातून अंजिराचं झाड थेट आभाळात गेलं होतं. त्या झाडाखाली उभी राहून तिने रडत रडत दिमाला सांगितलं, इथे चूल होती, इथे आजी भाकरी भाजायची, आणि ह्या पायरीवर तुझा नसरीमामा बूट बांधायला बसला होता. दिमाने त्या पायरीचे फोटो काढले. मग तिघं पुढे गेली, तर वळणावर नजलाला घरावरच्या दगडात कोरलेला आपल्या आजोबांचा क्रॉस दिसला. त्यांचं घर हे होतं. मघाचं स्वयंपाकघर शेजाऱ्यांचं होतं. ती दुसऱ्याच्या पायरीवर रडली होती. "जाऊ दे गं आई," दिमा म्हणाली, "फोटो छान आलेत." आणि खऱ्या पायरीपाशी नजलाला काहीच वाटलं नाही. नसरी तिथे बसला होता, एकोणीस वर्षांचा, बूट बांधताना म्हणाला होता, रस्ता मोकळा आहे का बघून येतो, आणि गेला. रस्ता मोकळा नव्हता. पुढच्या नाक्यावर त्याला कुणी बंदूकवाल्यांनी ट्रकमधून उतरवून घेतलं असं त्या ट्रकवाल्याने नंतर सांगितलं. कोणी, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. डोंगर त्या वर्षी इतक्या हातांतून इतक्या हातांत गेला होता की कुणाचा नाका कुणाचा, हे नाक्यावरच्या पोरांनाही सकाळी उठून विचारावं लागत असेल.

परतताना दिमाला रस्त्याच्या वरच्या अंगाला पाइनच्या झाडांमध्ये हॉटेल नसीम दिसलं. अजून कुणीच त्याचे फोटो टाकलेले नव्हते. हिकमत म्हणाला, भूक लागलीय. म्हणाला, पेट्रोल कमी आहे. म्हणाला, कुत्री असतील. इतक्या सबबी तो सहसा देत नसे, हे नजलाच्या लक्षात आलं होतं, पण तेव्हा ते फक्त लक्षात आलं होतं. वर सगळं छान होतं. बाल्कनीतून थेट बैरूतचा समुद्र दिसत होता. नाचघराच्या फरशीवर बकऱ्यांच्या लेंड्या होत्या, आणि एका न्हाणीघरातला टब पाइनच्या सुकल्या काड्यांनी काठोकाठ भरला होता. हिकमत खालीच थांबला होता, रिसेप्शनच्या लाकडी टेबलापाशी, कोटाची बटणं लावून, खोली मिळायची वाट बघणाऱ्या पाहुण्यासारखा. मग दिमाला तळघराचं दार सापडलं.

घरी येईपर्यंत नजलाने त्याच्या बाजूने सगळी वकिली करून टाकली होती. सगळ्या तळघरांत पाइप असतात. सगळ्या दारांशेजारी बटणं असतात. हिकमतचं आयुष्य यंत्रांच्या खोल्यांत गेलं होतं. त्यांच्या गल्लीतल्या अर्ध्या घरांना वीज गेली की त्याच्या जनरेटरवरून दिवे मिळत. अशा माणसाला काळोखात पाइप कळत असतील. आंधळ्यांना कळतं तसं. गाडी डोंगर उतरत होती, दिमा मागे फोटो बघत बडबडत होती, आणि नजला स्टिअरिंगवरचे त्याचे हात बघत होती. डाव्या हाताचं ते बोट तिने कितीदा हातात घेतलं होतं. ते बोट भिंतीवर शोधत गेलं नव्हतं. सरळ गेलं होतं. आपण आपल्या घरी रात्री पाणी प्यायला उठतो, तेव्हा हात जातो तसं. तिने खिडकीची काच खाली केली. तोंड वाऱ्यात धरलं. "वळणं," ती म्हणाली. "डोंगराची सवय राहिली नाही."

संध्याकाळी दिमाने तो फोटो टाकला आणि खाली लिहिलं, 'बाबा अजून लाइट यायची वाट बघतायत.' त्याच्यावर बदामांचा पाऊस पडला. नजला तो फोटो पुन्हा पुन्हा उघडून बघत राहिली. बोटांनी मोठा करत गेलं की आधी बटण मोठं व्हायचं, मग बोट, मग नख, आणि मग नुसते ठिपके. चेहऱ्याकडे तिला बघवत नव्हतं, आणि मग बघितलं तर तिथे तिला एक मुलगा दिसला. पन्नाशीच्या माणसाच्या गालांत एक पोरगा उभा होता, काहीतरी चुकलं आता ओरडा बसणार असा. दिमाला ती म्हणाली, "काढून टाक तो." "का? किती गोड आलाय!" "काढून टाक म्हटलं ना!" दिमाने आईकडे बघितलं आणि काढून टाकला.

नंतरचे दिवस तिने कसे काढले ते तिला नीट सांगता आलं नसतं. ती शाळेत जात होती, मुलांना फ्रेंच क्रियापदं घोकवत होती, भाजी आणत होती. फक्त प्रत्येक गोष्टीला आता एक खालची बाजू आली होती. हिकमत पहिल्यांदा त्यांच्याकडे आला होता तो युद्ध संपल्यावर, इमारतीचा जनरेटर बसवायला. आई, जिला सगळे उम् नसरी, म्हणजे नसरीची आई, म्हणत, वरून ओरडली होती, "ए बाळा, हात धुऊन वर ये, द्राक्षाच्या पानांतला भात केलाय." तो आला, जेवला, आणि इतका जेवला की आईला तो त्याच दिवशी आवडला. आता नजलाला त्यातलं दुसरंच काही आठवत होतं. जेवणाआधी तो बैठकीत उभा होता आणि भिंतीवरच्या नसरीच्या फोटोकडे बघत होता. फार वेळ बघत होता. तिने कॉफीचा ट्रे हातात धरून ते दारातून बघितलं होतं, आणि त्या क्षणी तिला वाटलं होतं, हा माणूस चांगला आहे; लोक तर ह्या फोटोवरून नजर चुकवतात. त्या बघण्यावर तिने लग्न केलं होतं. दर गुरुवारी तो आईला गाडीने बागेतल्या तंबूपाशी सोडायचा. तिथे हरवलेल्यांच्या आया फोटो मांडीवर घेऊन बसत. तो कोपऱ्यावरच थांबायचा. "आत ये की, चहा पी," आई म्हणायची. "नको मावशी, मला तिथे गुदमरतं." आईने ही गोष्ट साऱ्या बायकांना कौतुकाने सांगितली होती, माझा जावई किती हळवा आहे म्हणून.

शेवटी विचारलं तेव्हा भर दुपार होती. बाल्कनीत ऊन होतं, हिकमत लबनेहच्या चक्क्याबरोबर खायला काकड्या सोलत बसला होता, खाली गल्लीत भंगारवाला ओरडत होता. तिने काही ठरवलं नव्हतं. बाल्कनीच्या दारात उभी राहून तिने स्वतःचा आवाज ऐकला.

"मीनामध्ये तुझ्या मामाचं वर्कशॉप होतं ना, लढाईभर तू जिथे होतास? त्याचं दार कुठल्या बाजूला उघडायचं?"

"हे काय विचारणं?"

"सांग ना. नसीमचं बटण डावीकडे आहे ते तुला माहीत होतं. मामाचं दार कुठे होतं तेवढं सांग."

त्याने काकडी पूर्ण सोलली. साल एका लांब पट्टीत निघाली आणि ती त्याने ताटलीत नीट ठेवली. मग सुरी खाली ठेवली. "मी अठरा वर्षांचा होतो," तो म्हणाला.

"मी वय विचारलेलं नाही."

"नजला, बस."

"बोल तू."

तो बोलला. भंगारवाल्याचा आवाज गल्लीच्या टोकाला जाईपर्यंत त्याचं बोलून झालंसुद्धा. इतकं थोडं होतं ते. वर्कशॉपमधला एक मोठा जनरेटर कुणीतरी उचलून नेला होता, आणि यंत्राबरोबर यंत्र चालवणारं पोरगंही. दोन दिवसांचं काम म्हणाले. तो पुढचा उन्हाळा येईपर्यंत तिथे होता. तळघराच्या ह्या टोकाला यंत्र, त्या टोकाला हॉटेलच्या धोबीखान्याच्या खोल्या. त्या खोल्यांत माणसं होती. मध्ये भिंत, आणि भिंतीत वर हवेची जाळी. "मी त्यांना कधी बघितलं नाही. जेवण दुसरेच नेत. मला त्या बाजूला जायची बंदी होती. एकजण यायचा, दारात उभा राहून म्हणायचा, वाढव. मग मी यंत्राचा वेग वाढवायचो."

"का?"

त्याने सुरी ताटलीच्या आणखी जवळ सरकवली.

"का वाढवायला सांगायचे, हिकमत?"

"वर ऐकू जाऊ नये म्हणून. वर अधिकारी जेवत असत."

नजलाला वाटलं होतं, असं काही ऐकल्यावर माणूस किंचाळतो. तिला फक्त काकडीचा वास आला. इतका ओला, हिरवा, स्वच्छ वास, की तो तिच्या नाकातून डोक्यात गेला आणि तिथे राहिला. तिचे पाय होते त्याच जागी होते, पण ते आपले आहेत हे तिला पायांकडे बघून ठरवावं लागलं.

"नसरी?" ती म्हणाली.

"नावं मला माहीत नव्हती. यंत्र गार करायला बंद ठेवायचो तेव्हा जाळीतून आवाज यायचे, तेवढेच. तुझ्या घरी पहिल्यांदा आलो आणि तो फोटो बघितला. नाका, गाव, वर्ष, सगळं तुझ्या आईने त्या फोटोखालीच मला सांगितलं. मी चेहऱ्याकडे बघत राहिलो. ओळखीचा नव्हता. देवाशपथ सांगतो, ओळखीचा नव्हता. मला वाटलं, चेहरा ओळखीचा नाही, म्हणजे मी सुटलो."

"आणि मग?"

"आणि मग तू कॉफी घेऊन आलीस."

तिने ताटली उचलली. साली केरात टाकल्या, ताटली धुतली, पुसली, पुन्हा धुतली. मग पर्स घेऊन चप्पल घातली आणि आईच्या घरी गेली. आईला म्हणाली, शाळेची परीक्षा आहे, इथून जवळ पडतं. आईने विचारलं नाही. खाट झटकून दिली. रात्री वीज गेली आणि कुठलासा जनरेटर सुरू झाला. त्या घरघरीवर ती बैरूतमधल्या प्रत्येक माणसासारखी आयुष्यभर झोपत आली होती. आता ती उठून बसली. यंत्र एका सुरात चाललं होतं. ते मध्येच वाढेल असं वाटून ती कान देऊन बसली, आणि ते वाढलं नाही तरी बसून राहिली.

हिकमत रोज फोन करायचा. ती घ्यायची आणि बोलायची नाही. दोघं एकमेकांचा श्वास ऐकायची. चौथ्या की पाचव्या दिवशी ती बोलली. "आईला तू सांगशील. मी नाही."

"ती मरेल गं."

"मरायची असती तर केव्हाच मेली असती. गुरुवारी नेहमीसारखा गाडी घेऊन ये."

तो आला. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट. उम् नसरी पुढे त्याच्या शेजारी बसली, मांडीवर मुलाचा फोटो, काळ्या पर्समध्ये बदामाची बिस्किटं. नजला मागे. "तुम्ही भांडलायत," आई म्हणाली. "मला काय कळत नाही? हिकमत बाळा, हिला जिभेवर ताबा नाही, बापावर गेलीय. तू मनावर घेऊ नकोस." हिकमतने बागेच्या कोपऱ्यावर गाडी उभी केली. इंजिन बंद केलं. सहसा तो बंद करत नसे. आणि स्टिअरिंगकडे बघत त्याने सांगितलं, बाल्कनीत सांगितलं होतं ते सगळं, त्याच क्रमाने, 'वाढव'सकट. नजला मागून आईची मान बघत होती. पांढऱ्या केसांचा अंबाडा, त्यातल्या दोन पिना. अंबाडा हलला नाही. सांगून झालं. एक पोलीस आला, काचेवर टकटक करून इथे गाडी लावू नका म्हणाला, आणि आतल्या तिघांचे चेहरे बघून निघून गेला.

"किती वर्षं माझ्या हातचं जेवलास," उम् नसरी म्हणाली. तो प्रश्न नव्हता.

"मावशी—"

"मावशी म्हणू नकोस आत्ता. गाडी नीट लाव आणि चल माझ्याबरोबर."

"कुठे?"

"तिथे बायका बसल्यात. त्यांना सांग. मला एकटीला सांगून मोकळा होतोस काय?"

तंबूत त्या दिवशी आठ-दहा बायका होत्या. पंखा होता, चहाची किटली होती, दोऱ्यांना चिमट्यांनी लावलेले फोटो होते, त्यांतले बरेचसे उन्हाने निळे पडलेले. इतक्या वर्षांत बसणाऱ्या कमी झाल्या होत्या. एक एक आई गेली की तिच्या मुलाचा फोटो दुसरी कुणी मांडीवर घ्यायची, त्यामुळे काहींच्या मांडीवर दोन दोन होते. उम् नसरीने जावयाला मधल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं आणि म्हणाली, "हा माझा जावई. ह्याला सांगायचंय." हिकमतने तिसऱ्यांदा सांगितलं. ह्या वेळी त्याची जीभ कोरडी पडली होती, शब्द टाळूला चिकटत होते. नजला तंबूच्या दोरीला धरून उभी होती. तिला वाटलं, आता ह्याला मारतील. मारावं असं तिला वाटत होतं का? तिने स्वतःच्या आत शोधलं, तर तिथे काहीच हाती लागलं नाही. एका बाईने खरंच गरम चहा त्याच्या अंगावर फेकला. इस्त्रीच्या शर्टवर तपकिरी डाग पसरला. तो हललासुद्धा नाही. दुसरी बाई त्या पहिलीवर ओरडली, "थांब गं! बोलू दे त्याला! इतक्या वर्षांत पहिला बोललाय कोणी!"

आणि मग त्या उठल्या. ज्यांच्या मांडीवर फोटो होते त्या सगळ्या उठल्या आणि त्याच्या तोंडासमोर फोटो धरू लागल्या. हा बघ. हा होता का? ह्याच्या कपाळावर व्रण होता. हा उंच, दारातून वाकून जायचा. हिकमत एकेका फोटोकडे बघत होता आणि मान हलवत होता. "चेहरे नाही हो आई, मी चेहरे बघितले नाहीत. मला फक्त आवाज यायचे. आवाजच फक्त." तो हे पुन्हा पुन्हा म्हणत होता, आणि नजलाला वाटलं, आता झालं, आता ह्या बसतील.

तेव्हा सैदा शहरातली उम् वालीद पुढे आली. ती तिथली सर्वांत म्हातारी, पाठीत पार वाकलेली. तिने फोटो खुर्चीवर ठेवून दिला. हिकमतच्या कानाशी तोंड नेलं आणि म्हणाली, "माझा वालीद अडखळायचा. असा." आणि तिने मुलाच्या आवाजात हाक मारली. "य-य-यम्मा." एका ऐंशी वर्षांच्या घशातून वीस वर्षांच्या पोराचा आवाज, घोगरा, अडखळता, आईवर चिडलेला. तंबूतला पंखासुद्धा थांबला असं नजलाला वाटलं. हिकमतने डोळे मिटून ऐकलं. मान हलवली, नाही. म्हातारी बाजूला झाली आणि दुसरी आली. तिचा मुलगा हसताना नाकातून आवाज काढायचा. ती हसली, तसंच हसली, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती नाकातून हसत होती. तिसरीचा बोबडा होता. चौथीचा झोपेत दात खायचा. ती आपले उरलेले दात एकमेकांवर घासू लागली. इतकी वर्षं ह्या बायकांनी जगाला चेहरे दाखवले होते. आवाज त्यांनी कुणालाच दाखवले नव्हते, ते घशात जपून ठेवले होते. रस्त्यावरून जाणारे लोक थबकून बघत होते. म्हाताऱ्या बायका पोरांसारखं बोलत होत्या, आणि मध्ये चहाने भिजलेला एक माणूस डोळे मिटून बसला होता आणि नाही, नाही म्हणत होता. नजलाला ओरडून सगळं थांबवावंसं वाटलं. तिचा हात दोरीवरून सुटेना.

आई शेवटी उठली. तिने पर्स नजलाकडे दिली. ती हिकमतसमोर उभी राहिली आणि काही बोलली नाही, गाऊ लागली. रेडिओवर त्या काळी लागायची ती कुठल्याशा साबणाची जाहिरात, चार ओळींची, खुळचट, फेस आणि फुलं. नजलाला ती इतकी वर्षं आठवलीसुद्धा नव्हती, आणि आता अंगावर सर्रकन काटा आला, कारण आई ती स्वतःच्या आवाजात गात नव्हती. नसरी ती दाढी करताना गायचा, वरच्या पट्टीत, मुद्दाम बेसूर. तिसऱ्या ओळीतला एक शब्द त्याला कधीच आठवायचा नाही, मग तो तिथे टाळूवर जीभ आपटायचा, दोनदा, आणि पुढे जायचा. घरात सगळे त्याची टर उडवायचे. आई त्या शब्दापर्यंत आली आणि थांबली. ती जागा तिने रिकामी सोडली.

रिकाम्या जागेत हिकमतच्या तोंडातून आवाज आला. टक् टक्.

त्याने डोळे उघडले. आपण काय केलं ते त्याला ते केल्यावर कळलं, हे नजलाने त्याच्या चेहऱ्यावर वाचलं. त्या काळोखात त्याचं बोट भिंतीकडे गेलं होतं, तशीच त्याची जीभ गेली होती.

उम् नसरीने त्याचं मनगट धरलं. "कधीपर्यंत?" ती म्हणाली. "कधीपर्यंत गायचा?"

"बर्फ पडेपर्यंत." तो रडत होता. "रोज सकाळी गायचा. बर्फ पडलं, त्यानंतर नाही ऐकलं."

आई हळूच वळली. नजलाला वाटलं, ती कोसळेल. ती सावरायला पुढे झाली. पण आईचा चेहरा कधी नव्हे इतका ताठ होता. "ऐकलंत?" ती बायकांना म्हणाली. "माझा नसरी हिवाळ्यापर्यंत होता. गात होता रोज सकाळी." आणि त्या बायका एकेक करून तिच्या गळ्यात पडू लागल्या, तिची गालफडं धरून मुके घेऊ लागल्या, सुटका झाली गं तुझी, देवाने ऐकलं तुझं, म्हणू लागल्या. त्यांच्या डोळ्यांत नजलाला जे दिसलं ते दुःख नव्हतं. तो हेवा होता. एका मरणाचा हेवा. आईला बातमी मिळाली होती आणि त्यांना मिळाली नव्हती.

नजला आईची पर्स छातीशी धरून उभी होती. तिचा भाऊ मेला होता. हे तिला आत्ता, ह्या क्षणी, पहिल्यांदा कळत होतं, आणि ते तिला तिच्या नवऱ्याच्या जिभेने सांगितलं होतं. आज कुणाच्या घरी जायचं हे तिला ठाऊक नव्हतं. दिमाला अजून सांगायचं होतं. तिने हिकमतकडे बघितलं. तो खुर्चीवरून अर्धवट उठला होता, त्याला वाटलं असावं, झालं, आता जाता येईल.

उम् वालीदने त्याची बाही धरून त्याला पुन्हा खाली बसवलं.

"मघाशी मी घाई केली," ती म्हणाली. "तो असा नव्हता अडखळत. आता परत करते. नीट ऐक."